साधने बदलली, वळण हरवले : जालन्याच्या दप्तरातून एक वाद

१/
सप्टेंबर २०२३. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याच्या अंतरवाली सराटी या गावातून उठलेल्या आंदोलनाने राज्य सरकारला एका विलक्षण कामाला जुंपले. निजामकालीन कागद शोधायचे आणि त्यांतील कुणबी नोंदी वाचायच्या. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तहसिलांचे अभिलेखकक्ष उघडले, बस्ते सुटले. शोधणे कष्टाचे होतेच. परंतु वाचणे त्याहून कठीण निघाले. बरेच कागद मोडीत होते, बरेच उर्दूत, काही फारसीत. ज्या कचेऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांनाच ते वाचण्यासाठी बाहेरून जाणकार बोलवावे लागले.

२/
आरक्षणाचा प्रश्न कसा सुटावा, हा या धाग्याचा विषय नाही. विषय त्याच्या अलीकडचा आहे. एखादी संस्था, मग ते राज्य असो, मठ असो वा कचेरी, लिहिण्याची आणि मिळून काम करण्याची साधने बदलते, तेव्हा जुन्या साधनात लिहिलेल्याचे काय होते? अशा प्रत्येक बदलाला 'सुधारणा' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. माझे म्हणणे असे की, साधन बदलताना जुने वळण जाणणारा माणूस जी कचेरी मागे सोडून देते, ती सुधारत नाही, विसरते. आणि त्या विस्मरणाची किंमत कचेरी भरत नाही; तिच्या दाराशी अर्ज घेऊन उभा असलेला माणूस भरतो.

३/
'वळण' हा शब्द जाणून योजला आहे. मराठीत हस्ताक्षराच्या घाटाला वळण म्हणतात आणि अंगी मुरलेल्या सवयीलाही वळणच म्हणतात. मोडी लेखनात चिटणिसी, महादेवपंती अशी वळणे नावाजलेली होती. वळण एक असण्याचा उपयोग केवळ अक्षर देखणे दिसण्यापुरता नव्हता. एका कारकुनाने लिहिलेला कागद दुसऱ्या गावच्या, कधीही न भेटलेल्या कारकुनास अडखळल्यावाचून वाचता यावा, हा त्यामागचा खरा हेतू. वळण म्हणजे अनेक हातांनी आपापसांत केलेला करार.

४/
हा करार आपल्या इतिहासलेखनात दिसत नाही, कारण आपल्याला साधनाचा जनक हवा असतो. हेमाडपंताची कथा पाहा. देवगिरीच्या यादवांचा हा श्रीकरणाधिप, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरचा, 'चतुर्वर्गचिंतामणी'चा कर्ता. त्याने लंकेहून मोडी लिपी आणली, अशी दंतकथा आजही मोठ्या हौसेने सांगितली जाते. अभ्यासकांनी ती केव्हाच बाजूला सारली आहे. लिपी अशी गाठोड्यात बांधून आणता येत नाही. लगबगीने लिहिणाऱ्या शेकडो हातांतून ती हळूहळू घडते.

५/
परंतु त्याच परंपरेत दुसरीही एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ती म्हणजे 'मेस्तके'. कोणाला कोणता मायना लिहावा, हिशेब कसा मांडावा, कागद कोणत्या क्रमाने लिहावा, हे कारकुनांना शिकवणारी ही टिपणे हेमाडपंताच्या नावावर शतकानुशतके चालत आली. लिपीइतकेच महत्त्व या शिकवणीला आहे. लिपीने हात वेगवान केला. मेस्तकाने एका हाताचे काम दुसऱ्या हाताला कळू दिले. दंतकथा मात्र लिपीच्या वाट्याला आली.

६/
फर्मान निघाले म्हणजे वळण बदलते, हाही एक भ्रम. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. फारसी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा सुमारे १,४०० शब्दांचा कोश. हेतू थोर, पाठबळ प्रत्यक्ष छत्रपतींचे. तरीही पुढील शतकातले पेशवेकालीन कागद उघडा: दप्तर, फडणीस, मुजुमदार, चिटणीस, वसूल, बाकी, हुजूर. कोशाचे मोल याने उणावत नाही. बोध इतकाच की, शब्द वरून देता येतात, सवय मात्र कामातूनच रुजते. कोश सिंहासनापाशी राहिला आणि फडावरच्या बोरूने आपली वाट सोडली नाही.

७/
आता मोडी म्हणजे काय, हे नेमके समजून घेऊ. कागदावर आधी आडवी शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवत जायची. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही. नित्याच्या शब्दांची संक्षिप्त रूपे वेगळीच. असा कागद वाचताना डोळे अक्षर ओळखतात. अर्थ मात्र व्यवहाराच्या ओळखीने लागतो. म्हणून नुसती मुळाक्षरे पाठ करणारा विद्यार्थी जमिनीच्या कागदापाशी अडतो. त्याला लिपी आली आहे, वळण आलेले नाही.

८/
वळण कसे घडवावे, याचा उत्तम दाखला जालना जिल्ह्यानेच दिला आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, आजच्या घनसावंगी तालुक्यातील जांब येथला. 'दासबोधा'च्या वीस दशकांपैकी एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू, शाई, कागद, सुरी, बांधणी यांची इतकी बारीक चौकशी कशाला? कारण समर्थांपुढे एक संस्था होती. मठ दूरदूर पसरलेले, ग्रंथ हाताने उतरवले जाणारे, उतरवणारा एक आणि वाचणारा भलताच.

९/
त्या समासाचा आशय असा. अक्षर बाळबोध असावे, सुटे आणि स्पष्ट असावे. पहिले अक्षर ज्या घाटाचे, शेवटचेही त्याच घाटाचे असावे; सारा ग्रंथ एकाच बोरूने लिहिल्यासारखा दिसावा. ओळीत ओळ अडकू नये. तरुणपणी हौसेने फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून अक्षर मध्यम ठेवावे. आणि पानाच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षरास धक्का लागणार नाही.

१०/
ही शेवटची सूचना पुन्हा वाचा. कागद झडणारच, हे येथे धरूनच चालले आहे. लिहिणारा म्हातारा होणार, वाचणारा अनोळखी असणार, हेही धरूनच चालले आहे. साधन नाशिवंत आहे हे ओळखून त्याच्या नाशाची तजवीज पहिल्याच दिवशी करणे, याला मी कार्यसंस्कृती म्हणतो. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली आणि विसाव्या शतकातील संशोधकांना ती वाचता आली. हा योगायोग नव्हे. ते त्या मोकळ्या सोडलेल्या कडांचे फळ आहे.

११/
आता याच भूमीत अडीच शतके पुढे येऊ. १८५३ मध्ये पहिला सालारजंग हैदराबादचा दिवाण झाला. त्यापूर्वी महसुलाची वसुली बहुतांशी मक्तेदारांच्या हाती होती. हिशेब ज्याचे त्याच्या घरी. सालारजंगाने पगारी अधिकारी नेमले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, खाती वेगळी केली. आजच्या भाषेत बोलायचे तर संपूर्ण संस्थेची कार्यपद्धती पालटली. जालना आणि अंबड हे औरंगाबाद जिल्ह्याचे तालुके झाले. ही सुधारणा खरी होती, आणि तिचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

१२/
परंतु कागदाची भाषा? सालारजंगाच्या हयातीत दरबारी कामकाज फारसीतच चालले. १८८३ मध्ये तो वारला आणि त्याच दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. रयतेच्या दृष्टीने पाहा. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. दोन राजभाषांची अदलाबदल तिच्या डोक्यावरून झाली. जालन्याच्या शेतकऱ्याला काल फारसी कळत नव्हती, आज उर्दू कळत नव्हती. कचेरीच्या लेखी मात्र कामकाज सुलभ झाले होते.

१३/
उर्दूकरणाच्या कर्त्यांना आळशी म्हणता येणार नाही. १९१७ मध्ये त्यांनी भाषांतरासाठी स्वतंत्र विभाग काढला, विज्ञानाच्या आणि कायद्याच्या हजारो संज्ञा घडवल्या, आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले. नवे साधन आणण्यापूर्वी त्याचे शब्द, पुस्तके आणि शिक्षक तयार करणे, हे काम आजच्या अनेक संस्थांना जमत नाही. दोष तयारीत नव्हता. ती तयारी लिहिणाऱ्यासाठी होती. ज्याच्याविषयी लिहिले जात होते, त्याच्यासाठी काहीच नव्हते.

१४/
या दोन जगांमध्ये उभा होता गावचा पटवारी. गावपातळीवरचे कागद बहुधा मराठीत, मोडीत. तालुक्याकडे जायचे ते उर्दूत. सालाची मोजणी फसली, तारखा कधी हिजरी, घरचे पंचांग शके. फसली १३०० म्हणजे इसवी सन १८९०-९१, हे गणित त्याच्या जिभेवर असे. संस्थेची खरी जोडणी या माणसाच्या डोक्यात होती. ती कोठेही लिहून ठेवलेली नव्हती. म्हणून तो गेला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली.

१५/
आणि तो गेलाच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी कारभाराची भाषा ठरली, ती देवनागरीत. वंशपरंपरेचे वतन संपून बदलीचा तलाठी आला. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि दप्तरेही वाटली गेली. रुमाल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले. ते वाचण्याची विद्या कोणाच्याही ताब्यात दिली गेली नाही. कार्यभार-हस्तांतरणाच्या यादीत तिचा रकानाच नव्हता.

१६/
येथे दोन आक्षेप येतील. पहिला आपल्याच इतिहासप्रेमी मंडळींचा: 'मोडी इंग्रजांनी मुद्दाम मारली' किंवा 'ती छापता येत नव्हती म्हणून मेली'. छापता येत नव्हती हे खरे नाही. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला मोडी खिळ्यांनीच छापला गेला. आणि कटाचा सिद्धान्त तर मराठवाड्यात लागूच पडत नाही. येथे कारभार इंग्रजांचा नव्हता, तरीही मोडी वाचणारा माणूस संपलाच.

१७/
उलट मी म्हणेन, बाळबोध स्वीकारली हे योग्यच झाले. मोडी ही ठरावीक घराण्यांची मिरास झाली होती. ज्याच्या नावावर जमीन, त्याला स्वतःचे नाव वाचता येत नसे. वाचून दाखवणारा आणि लिहिणारा एकच, म्हणून चूक झाली काय आणि लबाडी झाली काय, पकडणारा कोणी नसे. शाळेतल्या मुलाने आजीला सातबारा वाचून दाखवावा, हे बाळबोधीने शक्य केले. मोडीचे गोडवे गाताना हे विसरणे म्हणजे वतनदारीचे गोडवे गाणे होय.

१८/
मग तक्रार कशाची? नवे आले याची नव्हे. नवे येताना जुन्याची किल्ली कोणाकडे राहील, हे कोणी ठरवले नाही, याची. दहा-वीस वर्षे दोन्ही लिप्या जाणणारे पगारी वाचक प्रत्येक तालुक्यात ठेवले असते, गावनिहाय बाळबोध सूची करून घेतली असती, तर २०२३ चे काम २०२३ मध्ये करावे लागले नसते. त्या काळी मोडी लिहिणारे हजारो जिवंत होते. त्यांना 'जुने' म्हणून घरी बसवणे स्वस्त वाटले. ती बचत कोणाच्या खिशातून झाली, हे जात-प्रमाणपत्रासाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला विचारा.

१९/
दुसरा आक्षेप आजच्या व्यवस्थापकांचा: 'जुनी माणसे बदलाला विरोध करतात, म्हणून सुधारणा फसतात.' इतिहास याला साक्ष देत नाही. ज्या पटवाऱ्याने दोन लिप्या आणि तीन कालगणना एकाच वेळी सांभाळल्या, तो बदलाचा शत्रू कसा? तोच तर बदलाचा पूल होता. जुना कारकून नव्या पद्धतीपुढे थबकतो, तेव्हा पुष्कळदा त्याला असे काही ठाऊक असते, जे नव्या पद्धतीत मांडायला जागाच ठेवलेली नसते. ते त्याला विचारून लिहून घेणे, हे सुधारणेचे पहिले काम. आपण ते वगळतो आणि त्याला हेकट म्हणतो.

२०/
हे केवळ निजामाच्या काळातले नाही. संगणक कचेऱ्यांत आला तेव्हा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा वेगवेगळ्या प्रणालींत टंकला गेला. एकाची संकेतपद्धती दुसऱ्याला कळत नसे. आज तसली फाइल उघडा, आणि योग्य फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक सडा दिसतो. मोडी अवाचनीय व्हायला काही पिढ्या लागल्या. या फायलींना पंचवीस-तीस वर्षे पुरली. कागदाला निदान वाळवी लागलेली दिसते. इथे तेवढीही खूण राहत नाही.

२१/
आता ई-ऑफिस आहे, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आहे, आणि या सर्वांच्या बाजूला प्रत्येक खात्याचे व्हॉट्सॲप गट आहेत. ई-ऑफिसमध्ये टिपणीवर तारीख पडते, कोणाच्या टेबलावर फाइल थांबली ते दिसते. उत्तम. परंतु तातडीचा निर्णय गटावर होतो, छायाचित्र गटावर येते, 'ओके सर' गटावर लिहिले जाते, आणि मागाहून फाइलला कोरडी टिपणी जोडली जाते. अधिकारी बदलला, फोन बदलला, की निर्णयाचे कारण नाहीसे. मक्तेदाराच्या घरी असलेल्या दप्तराहून हे किती वेगळे? सालारजंगाने जे घराबाहेर काढले, ते आपण खिशात घालून परत घरी नेत आहोत.

२२/
'पण आता सगळे स्कॅन होते आहे!' होय. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या, ही चांगलीच गोष्ट. मात्र स्कॅन म्हणजे कागदाचे चित्र. मोडीतल्या पानाचे चित्र मोबाइलवर दिसले म्हणून ज्याला मोडी येत नाही त्याला ते कळत नाही. आता तर मोडीला युनिकोडमध्येही २०१४ पासून स्थान आहे. साधनांची उणीव कधीच नव्हती. उणीव आहे ती रुमाल सोडून पान पुढे ओढणाऱ्या माणसाची.

२३/
म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक जिल्हा अभिलेखकक्षात मोडी आणि उर्दू वाचणारे कायम पद हवे; आंदोलन झाल्यावर आणलेला तात्पुरता जाणकार पुरेसा नाही. कोणतीही नवी प्रणाली येताना जुनी जाणणारे लोक ठरावीक काळ तिच्या बरोबरीने कामावर असावेत, आणि त्यांचे ज्ञान लिहून घेणे हा त्या खर्चाचाच भाग धरावा. जुन्या फॉन्टमधील फायली त्या उघडू शकणारे संगणक चालू आहेत तोवर युनिकोडमध्ये आणाव्यात. आणि गटावर झालेला निर्णय त्याच दिवशी, कारणासह, फाइलवर यावा. यांपैकी एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही.

२४/
आणि मित्रहो, थोडे आपल्याविषयी. मोडीत नाव लिहिलेला टी-शर्ट, मोडीतली घराची पाटी, मोडीतला टॅटू यांना माझी हरकत नाही. पण ती लिपीची आरास झाली. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते कोणीतरी रोज बसून रुमाल सोडले म्हणून. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, ते करा. मग पुढची पायरी चढा: आपल्या तालुक्याचा एक जमिनीचा कागद, त्यातली फसली तारीख, त्यातले संक्षेप, यांसह वाचून दाखवा. किल्ल्यांवर जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अभिलेखकक्षात जाणारे हवे आहेत.

२५/
जांबच्या त्या समासात सांगितलेली कड आपण आज कोठे सोडतो आहोत, हा प्रश्न प्रत्येक नव्या प्रणालीला विचारला पाहिजे. पन्नास वर्षांनी अंबडच्या तहसिलीत कोणी आजची नोंद मागायला येईल. तिच्यावर त्याचे शिक्षण, नोकरी किंवा शेत अवलंबून असेल. ती नोंद तेव्हा असेलच. प्रश्न तेव्हाच्या कचेरीत ती वाचणारा कोणी असेल का, एवढाच आहे. आपल्या तालुक्याच्या दप्तराची आजची स्थिती ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहा.